लक्षद्वीप: दगड नाही, डोंगर नाही, मग बेट उभं कशावर?

नमस्कार मंडळी!

(हातात काळा दगड) हा दगड ओळखीचा आहे ना? आपल्या सह्याद्रीतला साधा काळा बेसॉल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून लाव्हा आला, थरावर थर बसले आणि आपलं दख्खनचं पठार तयार झालं, हे शाळेत सगळेच शिकलोय. पण त्याच्या पुढची गोष्ट मला खूप उशिरा कळली. भूवैज्ञानिकांच्या मते ती लाव्हा ओकणारी जागा, ज्याला हॉटस्पॉट म्हणतात, ती खालीच राहिली आणि भारत तिच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला, आणि सरकताना मागे समुद्राच्या तळाशी ज्वालामुखींची रांग उमटत गेली, शिलाई मशीनखालून कापड सरकतं आणि टाके पडत जातात ना, अगदी तशी. त्या टाक्यांमधला पहिला टाका म्हणजे लक्षद्वीप, मग मालदीव, मग चागोस, पुढे मॉरिशस, आणि आज तो हॉटस्पॉट रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून धगधगतो.

म्हणजे आपला सह्याद्री आणि लक्षद्वीप ही सख्खी भावंडं झाली!

पण तिकडे जाऊन हा दगड शोधाल तर सापडणार नाही. कारण ते जुने ज्वालामुखी हळूहळू खाली बसत गेले आणि त्यांच्या डोक्यावर प्रवाळ वाढत राहिलं. प्रवाळ म्हणजे पोवळं, आणि ते बांधणारे जीव एकदम बारीक असतात, पिढ्यान्पिढ्या चुन्याची घरं बांधत वर येतात. लाटांनी ते मोडतं, पॅरटफिश नावाचे मासे ते कुरतडतात आणि त्याचीच पांढरी वाळू करून बाहेर टाकतात, ती वाळू साचते आणि तिलाच आपण बेट म्हणतो. नदी नाही, टेकडी नाही, बहुतेक जमीन समुद्रापासून एखाद-दोन मीटर वर. फोटोत जी वाळू बघून आपण वेडे होतो ती सगळी कोणत्या तरी जिवाने तयार केलेली आहे, आणि हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं लक्षद्वीप आपोआप समजायला लागतं.

(नकाशा) आता आकडे, पटकन सांगतो. केरळच्या किनाऱ्यापासून २२० ते ४४० किलोमीटर, ३६ बेटं, त्यातली वस्ती फक्त १० बेटांवर, सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. बोरिवलीचं नॅशनल पार्क याच्या दुपटीहून मोठं आहे! २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३, म्हणजे एका चौरस किलोमीटरला २,००० च्या वर माणसं, आणि आपल्या महाराष्ट्रात तेव्हा ३६५ होती. पण याच बेटांमुळे भारताच्या हक्कात येणारा समुद्र जवळपास ४ लाख चौरस किलोमीटर आहे, अख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठा. १ नोव्हेंबर १९५६ ला केंद्रशासित प्रदेश झाला, लक्षद्वीप हे नाव १९७३ मध्ये मिळालं, राजधानी कवरत्ती.

माणसं. इथे मला जरा रेंगाळायचंय. बहुतेक सगळे मुस्लिम, बहुतेक सगळे अनुसूचित जमातीत, आणि परंपरेने घर चालतं आईच्या नावावर. घराण्याला तरवाड म्हणतात आणि लग्नानंतरही बाई स्वतःच्या आईच्याच घरी राहते, जुन्या रीतीत नवरा रात्री तिच्या घरी येणार आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परत. मालमत्तेचे दोन प्रकार, त्यांची नावं मला फार आवडतात: शुक्रवारची आणि सोमवारची. शुक्रवारची म्हणजे तरवाडाची, जी आईकडून लेकीकडे चालत जाते, आणि सोमवारची म्हणजे ज्याने त्याने स्वतः कमावलेली, ती वेगळ्या नियमाने वाटली जाते. भाषा जेसरी, मल्याळमच्या जवळची. फक्त एकदम दक्षिणेचं मिनिकॉय वेगळं, तिथली महल भाषा मालदीवच्या भाषेची बहीण आहे आणि उजवीकडून डावीकडे लिहितात. मिनिकॉयची पुरुषमंडळी कित्येक पिढ्या जगभरच्या जहाजांवर खलाशी म्हणून जात आलीत.

पाणी कुठून येतं, हा प्रश्न तुम्हाला पडला असेलच. पावसाचं पाणी वाळूतून खाली झिरपतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं, कारण गोडं पाणी हलकं. विहिरीत येतं ते हेच तरंगणारं पाणी. पंप लावून जास्त उपसलं की खालून खारं वर येणार, आणि घराघरातला सेप्टिक टँक त्याच वाळूत असल्यामुळे घाण मिसळायची भीती वेगळीच. म्हणून २००५ मध्ये कवरत्तीला चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने एक प्रकल्प उभा केला, रोज १ लाख लिटर पाण्याचा. साधारण ३५० मीटर खोलीवरचं थंडगार पाणी पाइपने वर आणतात, वरचं कोमट पाणी कमी दाबात ठेवलं की त्याची वाफ होते आणि त्या थंड पाण्याने वाफ गार केली की गोडं पाणी तयार. नंतर अगत्ती, मिनिकॉयलाही झाले.

कमाईचं म्हणाल तर सरकारी नोकरी मोठी, आणि त्याशिवाय नारळ आणि टूना. नारळाचं सोडण किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवायचं, मग बडवून काथ्या काढायचा, हे काम बायकांचं, आपल्या कोकणातल्या लोकांना लगेच ओळखू येईल. पूर्वी सत्ताधीश हा काथ्या आपल्याच दराने घ्यायचे आणि बदल्यात तांदूळ द्यायचे, कण्णूरचं अरक्कल घराणं असो की नंतरचे इंग्रज. तांदूळ आजही जहाजानेच येतो, डिझेलही, गॅसही, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की सगळं लटकतं.

टूनाचं मास करतात, म्हणजे मासा कापून मिठाच्या पाण्यात उकळायचा, धुरी द्यायची, उन्हात वाळवायचा, लाकडासारखा कडक होईपर्यंत. श्रीलंकेत याची जुनी मागणी.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला ते. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे तिथले फोटो आले, तेव्हापासून सगळ्यांना लक्षद्वीपला जायचंय, रिसॉर्ट हवेत, फ्लाइट हव्यात, आणि जावं, मी जाऊ नका म्हणत नाही, परमिट काढून जरूर जा. पण समुद्र तापला की प्रवाळ पांढरं पडतं आणि मरतं. १९९८, २०१०, २०१६ आणि परत २०२४ ला हे झालं. अगत्ती, कदमत, कवरत्तीच्या अभ्यासात १९९८ ते २०२२ या काळात जिवंत प्रवाळ साधारण निम्म्यावर आलेलं दिसलं. बंगारमजवळचं परळी-१ हे छोटं बेट तर पूर्ण झिजून गेलं, २०१७ मध्ये ते जाहीर झालं. अशा जमिनीवर काँक्रीट किती ओतायचं, हे ठरवताना तिथे राहणाऱ्यांना आधी विचारलं पाहिजे, मला हे मनापासून वाटतं. २०२१ ला जमिनीच्या नव्या नियमांच्या मसुद्याविरुद्ध अख्खी बेटं उपोषणाला बसली होती ती उगाच नाही.

आणि प्रवाळ गेलं तर फक्त डायव्हिंग जाईल असं समजू नका. टूना पकडायला तिथे मोठं जाळं टाकत नाहीत, काठी आणि गळ, एका वेळी एक मासा. त्यासाठी जिवंत चारा लागतो, बोटाएवढे चंदेरी मासे, आणि ते मिळतात लगूनमध्ये, म्हणजे बेटाजवळच्या प्रवाळाने अडवलेल्या शांत, उथळ पाण्यात, बरेचसे प्रवाळाच्याच आडोशाला. होडी आधी तिथे जाऊन चारा पकडते, टाकीत जिवंत ठेवते, मगच मोकळ्या समुद्रात निघते, टूनाचा थवा दिसला की चारा फेकायचा, वरून पाण्याचे फवारे मारायचे म्हणजे टूनाला वाटतं मासे उड्या मारतायत, आणि पटापट काठ्या उचलायच्या. चाराच नाही मिळाला तर त्या दिवशी होडी लगूनमधूनच परत फिरते.