क्रोम मळाने मरत नाही

आधी ती बादली इकडे द्या भो, आणि चाक टेबलावर आडवं ठेवा, खाली पोतं टाका नाहीतर मंडपवाला माझ्या नावाने ओरडेल. हां, बस. आता बघा, या चाकाच्या डाव्या अंगाला मी आमच्या बोअरच्या पाण्याचे चार थेंब सोडतो, आणि उजव्या अंगाला बॅटरीत टाकतो ते डिस्टिल्ड पाणी, त्याचेही चारच. कोणी हात लावू नका. सात वाजून गेले तरी वारा अजून तापलेलाच आहे, आपलं बोलणं होईपर्यंत वाळतील, मग बघू.

या ओट्यावर दरवर्षी मोठी माणसं बोलून जातात, यंदा तुम्ही गाड्या धुणाऱ्याला बोलावलंय तर मला भाषण वगैरे जमणार नाही, मी आपला दुकानात बोलतो तसाच बोलणार. आधी पाच वर्षं प्लेटिंगच्या कारखान्यात काढली, मग स्वतःचं वॉशिंग सेंटर टाकलं. म्हणजे क्रोम चढवायचं कामही केलंय आणि उतरवायचंही. उतरवायचं चुकून केलं, तेच आधी सांगतो.

सेंटर टाकलं त्या पहिल्याच लग्नसराईतली गोष्ट. चाळीसगावकडचे एक पाटील आले, पांढरी जीप, मुंबईहून आणलेली क्रोमची चाकं, दुसऱ्या दिवशी त्यातून नवरदेवाची वरात. चाकांवर पाण्याचे पांढरे डाग पडलेले, शाम्पूने निघेनात. मी नवा, जोश मोठा, फरशी धुवायचं अॅसिड घेतलं, ब्रशने मारलं. फस्सकन फेस आला, वास आला, आणि डाग साफ! मी खुश, पाटील खुश, चहा झाला. दहा मिनिटांनी चाक वाळलं आणि बघतो तर क्रोमची जी निळसर झाक असते ना ती गायब, चाक पिवळट दिसायला लागलं, मध्ये मध्ये ढगासारखे डाग. पाटील खाली बसले, बोट फिरवलं, आणि एवढंच म्हणाले, भाऊ, हाई काय व्हयनं? ओरडले असते तर बरं वाटलं असतं. चार चाकांचे पैसे मी हप्त्याने फेडले.

झालं काय होतं ते मला कळायला पाहिजे होतं, कारण कारखान्यात रोज तेच बघत होतो. क्रोमचं चाक म्हणजे क्रोमचं नसतंच. आत अॅल्युमिनियम नाहीतर लोखंड, त्याच्यावर बऱ्याच कामात तांबं, त्याच्यावर निकेल, आणि सगळ्यात वर क्रोम. निकेल वीस-तीस मायक्रॉन असतं, चांगल्या कामात जास्त. आणि वरचं क्रोम किती? पाव ते अर्धा मायक्रॉन. एक मिलिमीटरचे हजार भाग केले की एक मायक्रॉन, त्याच्याही अर्ध्यात हे. डोक्याचा केस याच्यापुढे शंभर पट जाड आहे भो. आपल्याकडे खापरावरच्या मांड्याचं कौतुक करतात ना, आरपार दिसतो म्हणून, तर हे मांड्याचा मांडा. आणि एवढ्या पातळ थराला बारीक छिद्रं आणि चिरा असतातच, डोळ्याला दिसत नाहीत पण पाणी शोधून काढतं. म्हणून चाकाला खरी राखण निकेलची असते, क्रोमचं काम चमक धरायचं आणि ओरखडे झेलायचं. जुन्या बायांना कल्हई सांगायला नको, पातेल्याची कल्हई राखेने खसाखसा घासली की पितळ वर येतं आणि मग दही कळकतं. इथेही तेच, फक्त कल्हईवाला गल्लीत येऊन परत लावून देत नाही.

आता यात एक गंमत आहे. क्रोम इतका कठीण की काचेवर ओरखडा काढेल, मळाने त्याला काही होत नाही, नुसत्या पाण्याने गंजत नाही, हवेत त्याच्यावर आपोआप एक पापुद्रा धरतो तो त्याला सांभाळतो. पण फरशीच्या अॅसिडमध्ये, म्हणजे हायड्रोक्लोरिक, तो साखरेसारखा विरघळतो. संडास धुवायच्या बऱ्याच बाटल्यांत तेच असतं. म्हणून मी सांगत असतो, माझ्याकडे आलेली मेलेली चाकं मळाने मेलेली नव्हती, धुण्याने मेलेली होती.

हा धातू सापडला 1797 साली, पॅरिसच्या व्होकलँ नावाच्या माणसाला, सैबेरियातून आलेल्या एका लाल दगडात. याचे क्षार लाल, हिरवे, पिवळे निघतात म्हणून ग्रीकमधला रंगाचा शब्द घेऊन क्रोम नाव ठेवलं. आपल्या जळगावच्या सराफ बाजारातल्यांना हे आवडेल, माणकाचा लाल रंग क्रोममुळेच आणि पाचूचा हिरवासुद्धा बहुतेक त्याच्यामुळेच. पण धातूवर चढवायची धंद्यात चालेल अशी रीत यायला 1924 उजाडलं, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फिंक नावाचे प्राध्यापक होते, त्यांचं ते काम. मग अमेरिकेत बंपर काय, चाकं काय, सगळं चकचकीत. आपल्याकडे ते ट्रकच्या टोप्या आणि बुलेटच्या रिमवरून आलं, आणि आता पुढाऱ्यांच्या गाड्यांवर. नाव घेत नाही, हसू नका.

पण आधी तुमचं चाक क्रोमचं आहे का ते तर बघा. निम्मे लोक ज्याला क्रोम म्हणतात ती प्लॅस्टिकची टोपी असते, टिचकी मारली की टकटक वाजते. जवळून बघितल्यावर चमकीचे बारीक दाणे दिसले तर तो चंदेरी रंग, वरून लॅकर, म्हणजे पारदर्शक वॉर्निश, त्याला गाडीच्या रंगासारखंच सांभाळायचं. नुसतं पॉलिश केलेलं अॅल्युमिनियम असेल तर पॉलिश लावून घासल्यावर फडकं काळंकुट्ट होतं. क्रोमवर तसं होत नाही, आणि त्यात तुमचे दात मोजता येतात.

आता आपल्या खान्देशाचं. पुण्या-मुंबईकडचे व्हिडिओ बघून चाकं धुणाऱ्यांना मी सांगतो, बाबांनो त्यांचं पाणी वेगळं, त्यांचं ऊन वेगळं. तुमच्या कूलरची जाळी बघा मे महिन्यात. पाडव्याला नवीन गवत भरलं, अक्षय तृतीयेपर्यंत पांढरं, आणि मे संपेस्तोवर दगडासारखं. का? पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. चाकावर अगदी तेच होतं, फक्त कूलरला महिना लागतो आणि तापलेल्या चाकाला दोन मिनिटं. पंचेचाळीस डिग्रीत धुळ्याहून गाडी आली, वाटेत ब्रेक लागलेले, डिस्क तापलेली, आणि आल्या आल्या पोराने पाइप धरला चाकावर. चर्र आवाज येतो, बघा कधी. तो क्षार तिथे भाजून बसतो. आणि मग तो काढायला अॅसिड, म्हणजे रोगापेक्षा औषध भारी.

अजून एक, हे ऐकून काही घरांत भांडणं होतील. आरओ मशीनचं जे पाणी बाहेर टाकलं जातं ते आपण बादलीत धरतो, वाया जाऊ नये म्हणून, आणि त्याने गाडी धुतो. मन चांगलं आहे, पाणी वाचवलंच पाहिजे, पण त्या पाण्यात मशीनने वेगळा केलेला सगळा क्षार गोळा झालेला असतो, म्हणजे बोअरच्या पाण्यापेक्षाही वाईट. त्याने अंगण धुवा, लादी पुसा, चाकाला नको. उलट एसीच्या नळीतून जे थेंब थेंब पाणी पडतं ते धरा, ते हवेतलं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतो. बादलीभर साठलं की शेवटचा हात त्याने मारायचा. फुकट आहे.

आणि तिसरं, पोटॅश. केळीवाले कोण कोण आहेत इथे? जवळजवळ सगळेच. केळीला पोटॅश किती लागतं ते मी तुम्हाला सांगायला नको. तो पांढरा किंवा लालसर पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचा सख्खा भाऊ. थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते उडून चाकांना लागतं आणि त्या छिद्रांतून आत जाऊन निकेल खातं, तिकडे हिवाळा संपला की चाकांवर फोड. आपल्याकडे बर्फ नाही, पण आपण पोटॅशची गोणी डिकीत टाकतो, गोणी फाटलेली असते, पाट ओलांडताना चाक ओलं होतं, आणि ते मीठ तिथे आठ दिवस बसतं. रावेरकडच्या एका शेतकऱ्याची गाडी माझ्याकडे यायची, चारपैकी मागचं एकच चाक खराब व्हायचं, मला कळेना. एकदा डिकी उघडली तर त्याच बाजूचा कोपरा पांढरा, पत्र्याला खाली भोक. मीठ उडालं की त्याच दिवशी साध्या पाण्याने चाक धुवा, शाम्पू नसला तरी चालेल.

धुवायचं कसं ते पटकन सांगतो, त्यात काही रॉकेट नाही. चाक हाताला गार लागेपर्यंत थांबा. एका वेळी एकच चाक. आधी नुसतं पाणी, जोरात, आतल्या बाजूलाही, कारण काळ्या मातीचा चिखल आत चिकटून वाळला की चाकाचं वजन एकीकडे जातं आणि ऐंशीच्या वर स्टेअरिंग थरथरतं, मग लोक बॅलन्सिंगचे पैसे देत बसतात. कोरडं पुसू नका कधीच, रस्त्याची धूळ आहे, वीटभट्टीची राख आहे, ते पॉलिश पेपरच समजा. मग साधा कारचा शाम्पू, मऊ ब्रश, आणि चाकांचं फडकं आणि बादली वेगळी, बॉडीला तेच फडकं लावलं की बोनेटवर बारीक ओरखड्यांची जाळी पडते. पुढची चाकं जास्त काळी दिसतील कारण ब्रेकचा भार पुढे जास्त, ती काळी भुकटी म्हणजे पॅड आणि डिस्क झिजून निघालेलं लोखंड. ती शाम्पूने निघाली नाही तर आयर्न रिमूव्हर मिळतो, मारला की जांभळं पाणी वाहतं, पोरांना ते बघायला फार आवडतं, वास मात्र सडक्या अंड्याचा. पार्लरमध्ये केस कुरळे करायला जे लावतात त्याच घराण्यातलं ते. वाळू द्यायचं नाही, बाटलीवर लिहिलेल्या वेळेत धुऊन टाकायचं, आणि क्रोमला फोड आलेले असतील तर वापरायचंच नाही. मग लगेच पुसून कोरडं. लगेच म्हणजे लगेच, चहा नंतर.

क्षाराचे डाग पडलेच असतील तर चायनीजच्या गाडीवर असतं ते व्हिनेगर, तेवढंच पाणी घालून, फडक्याने मिनिटभर, आणि भरपूर पाण्याने धुवा. बुलेटच्या लोखंडी रिमवर तांबडे ठिपके आले असतील तर जेवणाची फॉइल घ्या, चुरगाळा, ओली करा आणि हलक्या हाताने घासा. फॉइल क्रोमपेक्षा खूप मऊ, ओरखडा पडत नाही पण गंज निघतो. मग वर वॅक्स, दोन-तीन महिन्यांनी एकदा. आपल्या उन्हात सिलंट, म्हणजे वॅक्ससारखाच वरून लावायचा रासायनिक लेप, जास्त टिकतो असा माझा अनुभव, पण साधं वॅक्स लावलं तरी न लावण्यापेक्षा बरंच.

टूथपेस्ट? मला वाटलंच कोणीतरी विचारणार. नको काका, आणि भांड्यांची पावडर नको, तारेची घासणी नको. घासून घासून काय उतरतं ते मघाशी कल्हईच्या गोष्टीत सांगितलं.

आणि दसरा! गाडीची पूजा करा, जरूर करा, मी पण करतो. पण चाकाखाली लिंबू चिरडलं, नारळ फोडला, त्याचं पाणी चाकावर, वर हळदकुंकू आणि झेंडूची ओली माळ, आणि ते सगळं दिवाळीपर्यंत तसंच. संध्याकाळी आपटा वाटून झाला की एक बादली पाणी मारा, देव रागवत नाही.

फोड आलेलं चाक कोणत्याही पॉलिशने बरं होत नाही हे मात्र सरळ सांगतो, कोणी सांगितलं तर तो तुम्हाला फसवतोय. सुटलेल्या क्रोमची कड ब्लेडसारखी असते, हे बघा माझं बोट, तीन टाके. आणि टायर जिथे रिमला घट्ट बसतो तिथे क्रोम सुटलं की ट्यूबलेसची हवा हळूहळू जाते, पंक्चर सापडत नाही, पंक्चरवाला वेडा होतो. परत क्रोम करायचं तर जुनं सगळं उतरवून पहिल्यापासून थर चढवावे लागतात, खर्च नव्या चाकाच्या जवळ जातो. आणि क्रोम चढवायच्या टाकीत जे क्रोमिक अॅसिड असतं ते कॅन्सर करणारं आहे, कारखान्यात आम्ही तोंडाला रुमाल बांधून त्याच्या वाफेत उभे राहायचो, आता आठवलं की अंगावर काटा येतो. म्हणून घरामागे डबा मांडून स्वस्तात क्रोम करून देतो म्हणणारा दिसला तर त्याच्याकडे चाक देऊ नका, आणि तो नाल्यात काय सोडतो तेही बघा.

चला, आपले थेंब वाळले. ए बाळा, तू ये वर, टॉर्च मार मोबाइलचा. डावीकडे काय दिसतं? मोठ्याने सांग. हां, चार पांढरी कडी. आणि उजवीकडे? शोध शोध, थेंब टाकले होते मी, सगळ्यांनी बघितलंय. नाही सापडत ना. आता त्या पांढऱ्यावर बोट घासू नको रे, नख लावू नको! व्हिनेगर आणलंय मी, दे ते फडकं. हे चाक गिऱ्हाइकाचं आहे, गाडी तिकडे जॅकवर उभी आहे आणि सकाळी सातला त्याला भुसावळ स्टेशन गाठायचंय.