थ्रेट मीटरवर हिरवा, जमिनीवर आडवा

(जुन्या पद्धतीच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेममधल्या हीलिंगवर, म्हणजे सोबत्यांचं रक्त भरून काढण्यावर, दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

विषय जाहीर झालाय तो असा: रेझरगोर, ओनिक्सिया आणि जुळे सम्राट, या तीन बॉसच्या लढतींमध्ये हीलरने थ्रेट, म्हणजे शत्रूच्या मनात प्रत्येक खेळाडूबद्दल साठत जाणारा राग, कसा सांभाळायचा. तिन्हींवर बोलणार आहे. त्याआधी थोडं पायाचं बोलू, दहा मिनिटांत उरकतो. (मागून: ‘बघू!’) टँक, म्हणजे पुढे उभं राहून शत्रूचा मार खाणारं पात्र, खेळणारे कोण कोण आलेत? हात वर करा. बाप रे. म्हणजे आता जपून बोलायला हवं.

आकडे 2019 च्या क्लासिकचे, पातळी 60 चे, 40 जणांच्या रेडचे, म्हणजे एकत्र लढणाऱ्या मोठ्या गटाचे. तुम्हाला ते पाठ असतील, तरी सगळे एका पानावर असावेत म्हणून सांगतो. एक पॉइंट हील म्हणजे अर्धा पॉइंट थ्रेट, आणि तो लढाईत असलेल्या सगळ्या मॉबमध्ये, म्हणजे शत्रूंमध्ये, समान वाटला जातो. ओव्हरहीलला, म्हणजे रक्त भरल्यावर वाया जाणाऱ्या हीलला, थ्रेट शून्य. ‘भरलेल्या टँकवर हील मारत बसलास म्हणून अ‍ॅग्रो आला’, म्हणजे मॉब तुझ्याकडे वळला, असं कुणी म्हणालं, तर मान डोलवा आणि सोडून द्या. हीलर वर्गांपैकी प्रीस्टचं सायलेंट रिझॉल्व्ह हे कौशल्य पूर्ण घेतलं तर थ्रेट 20 टक्के कमी, ड्रुइडचं सटल्टीही तेवढंच, शॅमनचं हीलिंग ग्रेस 15 टक्के. मॉब वळायला टँकच्या पुढे नुसतं जाऊन भागत नाही: मॉबच्या अगदी जवळ असाल तर 110 टक्के, लांब असाल तर 130 टक्के ओलांडावे लागतात.

झाला पाया. आता माझी तक्रार.

वाइप झाला, म्हणजे अख्खी रेड मेली, की पहिलं वाक्य काय येतं? ‘हीलरने अ‍ॅग्रो घेतला.’ घेतला! जणू हीलर दुकानात जाऊन पिशवीत घालून घेऊन आला. (हशा) मग हीलर बिचारा थ्रेट मीटर, म्हणजे कुणाचा थ्रेट किती ते दाखवणारं अ‍ॅडऑन (गेमला जोडायची छोटी भर), उघडतो. जुन्या काळी केएलएच थ्रेट मीटर होता, नंतर ओमेन आला. 2008 मध्ये 3.0 पॅचपर्यंत गेम स्वतः अ‍ॅडऑनला थ्रेटचा आकडा देतच नव्हता. लढाईच्या नोंदी वाचून अ‍ॅडऑन अंदाज बांधायचे, आणि रेडमधल्या चार जणांनी ते टाकलं नसेल तर त्या चौघांच्या रांगा कोऱ्याच. पण तो दोष किरकोळ म्हणा. खरा दोष आकडे अचूक आले तरी राहतो. मीटर एकाच मॉबचा थ्रेट दाखवतो, जो तुमचं किंवा टँकचं टार्गेट आहे त्याचा. आणि हीलरला मारणारा मॉब बहुतेक वेळा दुसराच असतो.

हे जरा सावकाश बघू, कारण सगळं यातच आहे. चार मॉबचा पुल, म्हणजे चौघांना एकदम लढाईत ओढलं. टँक वॉरियर, डिफेन्सिव्ह स्टान्स या पवित्र्यात, म्हणजे थ्रेट 1.3 पट, वर डिफायन्स या कौशल्याचे 15 टक्के. मिळून साधारण 1.5 पट. कवटीचं चिन्ह असलेल्या मॉबवर त्याने संडर हा फटका एकदा मारला. संडरचा मूळ थ्रेट 260 च्या आसपास, स्टान्स धरून 390. उरलेल्या तिघांना हात लागलेला नाही. ते टँकलाच मारतायत, कारण तो त्यांना पहिला दिसला. तेवढ्यात टँकचं रक्त निम्म्यावर येतं आणि प्रीस्ट 2000 चा ग्रेटर हील मारतो. अर्धे 1000, सायलेंट रिझॉल्व्हने 800, चौघांत वाटून प्रत्येकी 200. कवटीवर टँक 390, प्रीस्ट 200. मीटर म्हणतो 51 टक्के, झकास, हिरवा. बाकीच्या तिघांवर टँक शून्य, प्रीस्ट 200. तिघंही वळले. पंगतीत ज्याच्या पानात काहीच पडलेलं नाही, तो दिसेल त्या वाढप्याला हाक मारणारच.

इथे कुणीतरी म्हणतं, ‘सॅल्व्हेशन घे ना.’ घ्या. पॅलाडिनचं ब्लेसिंग ऑफ सॅल्व्हेशन थ्रेट 30 टक्के कमी करतं. 200 चे 140 झाले. टँकच्या शून्याचे 130 टक्के किती? शून्यच. टक्केवारीचे हे सगळे उपाय बॉसवर कामाचे, तेही मुख्यतः डीपीएसला, म्हणजे नुसता मार देणाऱ्यांना. एकट्या बॉसवर टँक मिनिटभर टिकला की त्याच्या पुढे जाणं हीलरला जवळपास अशक्य असतं. हीलर मरतो तो पुलच्या पहिल्या पाच सेकंदांत किंवा नवे मॉब आल्यावर. म्हणून मीटर बंद करा आणि शत्रूंच्या नेमप्लेट, म्हणजे डोक्यावरच्या नावाच्या पट्ट्या, चालू करा. टँकचा हात कुणाला लागलेला नाही ते बघा, मीटरवर आपण कितवे आहोत ते नको.

(‘डीमोरलायझिंग शाउट?’) बरोबर, टँक मंडळी जागी आहेत. शाउटने, म्हणजे वॉरियरच्या आरोळीने, आसपासच्या प्रत्येक मॉबवर मूळ चाळीसेक, म्हणजे साठेक थ्रेट बसतो. लांबच्या हीलरला 78 ओलांडायचे. थोड्याथोड्या वेळाने 300 ची टिक, म्हणजे हीलचा हप्ता, देणारा रिन्यू चार मॉबवर टिकमागे 30 देतो, म्हणजे दोन टिक निभावतात, तिसरी नाही. मोठा हील तर पहिल्याच फटक्यात पलीकडे. शाउट लावून टँकने टॅब दाबत एकेक संडर फिरवला, तरच खरी सोय. पण संडरला 15 रेज (वॉरियरची शक्ती) लागतो, आणि रेज येतो मार खाऊन. आता प्रीस्टने प्रेमापोटी पुलआधी पॉवर वर्ड शील्ड घातली तर? शील्डने गिळलेल्या माराचा रेज मिळत नाही. टँक रिकाम्या हाताने उभा, शील्ड फुटते, रक्त झरझर उतरतं, मोठा हील जातो, मॉब वळतात. मग सगळे म्हणतात, हीलरने अ‍ॅग्रो घेतला. या वेळी अर्धं खरं असतं. (हशा)

पुलआधी लावलेला रिन्यू निरुपद्रवी वाटतो. टँक भरलेला असेपर्यंत आहेच, पहिला मार बसला की टिक मोजायला लागते. पहिले तीनेक सेकंद टँकला निम्म्याच्या खाली जाऊ न देणाऱ्या छोट्या रँकच्या हीलवर काढायचे आणि मोठा हील कास्टला (मंत्र म्हणायला) लावून, गरज नसेल तर शेवटच्या क्षणी तोडायचा. तोडलेल्या कास्टला थ्रेट नसतो. आणखी एक चोरवाट: मेजर मॅना पोशन, मंत्रांची शक्ती (मॅना) भरणारं. मिळालेल्या मॅनालाही पॉइंटमागे अर्धा थ्रेट आहे. पोशन 1350 ते 2250 मॅना देतं, म्हणजे वरच्या टोकाला 1125 थ्रेट, तोही न हीलता. नवे मॉब यायच्या तोंडावर ते पिऊ नका.

मॉब आलाच अंगावर तर? पळायचं टँककडे. लांब पळालात तर टँक मागे धावणार, त्याचे फटके हुकणार. प्रीस्टने फेड मारावं: 10 सेकंद थ्रेट कमी होतो, मग परत येतो, कूलडाउन, म्हणजे पुन्हा वापरण्याआधीची थांब, 30 सेकंद. फेड ही उधारी आहे. त्या दहा सेकंदांत टँकने मॉब धरला नाही तर तो पुन्हा तुमच्याकडेच. थ्रेट साठण्याआधी मारलं तर कमी करायला काही नसतं, फुकट जातं. टँकचा टॉन्ट त्याला यादीत तुमच्या बरोबरीला आणतो आणि मॉबला तीन सेकंद बांधतो. इथे एक बारीक गोष्ट: टँकला चिकटून उभे असाल तर तुमची मर्यादा 130 नाही, 110 आहे. मॉब सुटला की चार पावलं मागे या, मगच हील करा. पॅलाडिनकडे बबल, म्हणजे मार न लागू देणारं कवच, आहे. ड्रुइडने अस्वल होऊन चिलखत वाढवावं, पण अस्वलाच्या रूपात थ्रेटही वाढतो, तेव्हा त्या रूपात मारामारी नको.

(आयोजकांची चिठ्ठी) सहा मिनिटं? बरं. तिन्ही बॉस सहा मिनिटांत. कठीण आहे, पण घ्या.

रेझरगोर. मंत्रगोलावर बसून त्याला ताब्यात ठेवणारा खेळाडू त्याच्याकडून 30 अंडी फोडून घेतो, तोवर कोपऱ्यांतून ऑर्क आणि ड्रॅगनकिन येत राहतात. प्रत्येक नवा मॉब हात न लागलेला. तो लढाईत शिरला की चालू असलेल्या सगळ्या हॉटच्या, म्हणजे रिन्यूसारख्या हप्त्याने येणाऱ्या हीलच्या, टिक त्याच्यावर मोजायला लागतात, म्हणून इथे रेडभर रिन्यू पसरू नका. हीलर कोपऱ्यात विखुरले की प्रत्येकाकडे एक ऑर्क जातो आणि टँकला चार ठिकाणी धावावं लागतं. सगळ्या हीलरनी एका टँकच्या पाठीशी घोळक्याने उभं राहावं. ऑर्क येणार आहेतच, ते टँकच्या पायाशी यावेत.

ओनिक्सिया ही ड्रॅगन. रक्त 65 टक्क्यांवर आलं की उडते, 40 वर उतरते. मधे पिल्लं येतात ती बाजूच्या बिळांतून, आणि हीलर बरोबर त्या बिळांसमोर उभे असतात. तिथून हला. उतरताना ती कुणाकडे वळेल याचा भरवसा नाही, शिवाय गर्जनेने सगळे भेदरून पळतात. टँकचे दोनतीन संडर बसेपर्यंत मोठा हील फक्त टँकला, बाकीच्यांनी पट्ट्या बांधून घ्याव्यात.

जुळे सम्राट. वेकनिलॅशला जादू लागत नाही, वेकलॉरला शस्त्र लागत नाही, म्हणून वेकलॉरला वॉरलॉक सिअरिंग पेन या मंत्राने धरतो. अर्ध्याएक मिनिटाने दोघं जागा बदलतात आणि थ्रेट पुसला जातो. मग जो सर्वांत जवळ, त्याच्यावर झडप. इथे हिशोब आकड्यांचा नाहीच, अंतराचा आहे. बदलाची वेळ आली की टँकपेक्षा जवळ कुणीही नको, आणि टँकने पकड घेईपर्यंत दोन सेकंद हात आवरायचा.

(प्रश्न: ‘सॅल्व्हेशन टँकवर पडलं तर?’) छान, यावरच थांबतो. ग्रेटर ब्लेसिंग एका वर्गातल्या सगळ्यांवर पडतं. वॉरियर डीपीएसला सॅल्व्हेशन द्यायला गेलात की वॉरियर टँकवरही पडलं: 390 चा संडर 273 चा झाला. पॅलाडिनने लगेच टँकवर साधं ब्लेसिंग, किंग्स वगैरे, चढवायचं. ग्रेटर 15 मिनिटं टिकतं, साधं 5, म्हणजे मधे दोनदा नव्याने द्यायचं. आणि टँकने पुलआधी आपल्या बफच्या, म्हणजे अंगावर चढवलेल्या मंत्रांच्या, ओळीवर नजर टाकून सॅल्व्हेशन दिसलं तर उजव्या क्लिकने काढायचं. क्लासिकमध्ये होर्ड या पक्षाकडे पॅलाडिन नाहीत. त्यांचं ट्रँक्विल एअर टोटेम थ्रेट 20 टक्के कमी करतं, पण आपल्या पाच जणांच्या ग्रुपपुरतंच, तेव्हा टँकच्या ग्रुपातल्या शॅमनने ते लावायचं नाही, विंडफ्युरी लावायचं.