सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज: आधी गाव, मग वॉर्ड

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला लोक येतात ते बापूकुटी बघायला. फोटो काढतात, निघून जातात, पण तिथून जवळच एक मोठ्ठं हॉस्पिटल आणि त्याला जोडून मेडिकल कॉलेज आहे, तिकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही.

महात्मा गांधी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस. सुरू झालं 1969 ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, आणि उभं केलं डॉ. सुशीला नायर यांनी. या बाई म्हणजे गांधीजींच्या डॉक्टर, पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या, दिल्लीत आरामात राहिल्या असत्या की! कस्तुरबा हॉस्पिटल मात्र कॉलेजच्या बरंच आधीचं, 1940 च्या दशकात बायका-मुलांसाठी छोट्या प्रमाणात काढलेलं. म्हणजे आधी पेशंट आले, विद्यार्थी मागून आले, आणि मला वाटतं सगळा फरक तिथेच पडला.

इथे ॲडमिशन झाली की पोरांना आधी आश्रमात नेतात. पंधरा दिवस तिथेच मुक्काम, पहाटेची प्रार्थना, झाडलोट, सूतकताई, अंगात खादी. काही जण वैतागतात, साहजिक आहे, डॉक्टर व्हायला आलो आणि हातात झाडू.

मग अख्खी बॅच एका गावात राहायला जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही घरं येतात. घरात माणसं किती, पाणी कुठून आणतात, संडास आहे का, पोराचं वजन किती, बाईचं हिमोग्लोबिन किती, सगळं लिहून काढायचं. कुठल्यातरी लांबच्या राज्यातली मुलगी, मराठी धड येत नाही, बीपीचं मशीन घेऊन ओसरीवर बसलेली, आणि समोरची आजी म्हणते, "आंधी च्या तं घे माय, मंग पाय माहा बीपी."

कॅम्प संपला तरी घरं सुटत नाहीत, नंतरही त्याच घरांत जात राहायचं असतं. ॲनिमिया पुस्तकात दोन पानांत संपतो, पण लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, पोट बिघडतं म्हणून बाईने पाकीट तसंच फळीवर ठेवून दिलंय, हे कळायला त्या स्वयंपाकघरापर्यंत जावं लागतं.

रिसर्चही इथल्याच दुखण्यांवर. वर्ध्याकडे हत्तीपाय, म्हणजे फायलेरिया, जुना. त्याचे जंतू रक्तात दिसतात ते रात्री, त्यामुळे झोपलेल्या गावाला उठवून बोटं टोचायची. इथल्या बायोकेमिस्ट्रीत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या टीमने अँटिजेन-अँटिबॉडीवरून, म्हणजे जंतूंच्या आणि शरीराने त्यांच्याविरुद्ध बनवलेल्या प्रथिनांच्या खुणांवरून, या रोगाचं निदान करायच्या टेस्टवर वर्षानुवर्षं काम केलं.

आणि उपचारांचा खर्च? आयुष्मान वगैरे नावं कुणी ऐकली नव्हती तेव्हा या दवाखान्याने गावांसाठी विमा काढला आणि हप्ता घेतला ज्वारीत! सुगीला ज्याची जशी ऐपत तशी ज्वारी द्यायची, गावातल्या बहुतेक घरांनी मिळून, मग वर्षभर उपचारात सवलत. पैसा हातात नसला तरी कणगीत ज्वारी असते, हे ज्याला माहीत त्यालाच असलं सुचणार. पुढे ज्वारीच्या जागी पैसे आले, शिवारातही सोयाबीन आलं.

आजही कपाशीच्या फवारणीचे दिवस आले की कीटकनाशकाच्या विषबाधेचे पेशंट येतात, पावसाळ्यात साप चावलेले. शिकाऊ डॉक्टर इथे ॲट्रोपिन, म्हणजे फवारणीच्या विषावरचा उतारा, द्यायला शिकतो ते असल्या पेशंटवर, रात्री दोनला, सिनियरच्या नजरेखाली.

सगळंच छान आहे असं नाही. पूर्वी कॉलेजची स्वतःची प्रवेश परीक्षा होती, त्यात गांधी विचारांवर वेगळा पेपर असायचा, मुलांना निदान आपण कुठे चाललोय एवढं तरी माहीत असायचं. देशभरासाठी एकच 'नीट' ही प्रवेश परीक्षा आल्यावर तो पेपर गेला, आता मार्क आणि रँक बघून सीट लागते, सेवाग्राम नकाशात नंतर शोधतात. इथून शिकलेले बरेच जण शहरात किंवा परदेशात जातात, त्यांना दोष तरी कसा द्यायचा, तालुक्याच्या गावात भूलतज्ज्ञ नसला तर एकट्या सर्जनने काय करायचं? ते काही कॉलेजच्या हातात नाही, तिथे सरकारनेच पोस्ट भरायला हव्यात आणि क्वार्टरची गळकी छपरंसुद्धा दुरुस्त करायला हवीत.