हळू जायला बनवलेली गाडी

[दृश्य: शटर अर्धं वर. आतून ग्राइंडरचा आवाज, ठिणग्या दारापर्यंत.]

सकाळचे साडेनऊ. कोल्हापूर, उद्यमनगर. समोरच्या शेडमध्ये लेथ सुरू झालाय, शेजारी कुणाच्यातरी ट्रॉलीचा धुरा सरळ करणं चाललंय, आणि या दोघांच्या मधल्या शेडमध्ये जमिनीवर खडूनं एक गाडी काढलेली आहे. खरंच, फुल साइजची. चाकं, सीट, इंजिन, सगळं खडूनं. आमच्या दादानं (माझा मावसभाऊ) रात्री जागून काढली आणि सकाळी झाडू मारणाऱ्या पोऱ्यानं अर्धी पुसली.

ही रॉक क्रॉलिंगची बग्गी. म्हणजे दगडावर रांगणारी गाडी. याची मुळं अमेरिकेत, तिकडं कॅलिफोर्नियात रुबिकॉन ट्रेल नावाची दगडांनी भरलेली वाट आहे, तिच्यावर १९५३ सालापासून लोक जमून जीपा घालतात, आणि १९९०च्या दशकाच्या शेवटी त्याच्या रीतसर स्पर्धा सुरू झाल्या. स्पर्धा म्हणजे रेस नाही हं. दगडांत कोन (रस्त्यावर ठेवतात ते शंकू) लावून वाट आखलेली असते, साधारण दहा मिनिटांचा वेळ मिळतो, रिव्हर्स घेतला की १ पॉइंट, कोनाला धक्का लागला की १०, आणि ज्याचे पॉइंट सगळ्यात कमी तो जिंकला. त्यामुळं जोरात जाऊन काहीच मिळत नाही.

आपल्याकडं जवळचं म्हणजे गोव्यातली रेनफॉरेस्ट चॅलेंज, २०१४ पासून ऐन पावसात होते. पण तो मामला जास्त करून चिखलाचा आणि विंचचा (दोरी गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र). दादाला चिखल नको होता, त्याला कातळ पाहिजे होता.

तर इंजिन. सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात, किती पॉवर? जुन्या मारुती जिप्सीचं १.३ लिटरचं, ८० हॉर्सपॉवर, बास. लोकांचा चेहरा पडतो. पण इथं पॉवर लागत नाही, लागतो तो गिअर. गणित बघा: गिअरबॉक्सचा पहिला गिअर साडेतीनच्या आसपास, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) हळू जायचा गिअर, म्हणजे लो, सव्वादोन, डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकाच्या मधली गिअरची पेटी) चारच्या आसपास, तिन्हींचा गुणाकार साधारण ३२. म्हणजे इंजिन ३२ वेळा फिरलं की चाक एकदा. ३३ इंची टायर आणि इंजिन नुसतं आयडलवर, म्हणजे पाय न देता, मिनिटाला ८०० फेरे, तरी गाडी ताशी ४ किलोमीटरनं पळते. पळते म्हणतोय मी, कारण दगडावर ४ म्हणजे पळणंच आहे. समोर कमरेएवढा धोंडा असताना तुम्ही चालायच्या वेगानं त्याच्यावर आपटलात तर काय होईल?

जिप्सीत एक सोय आहे, ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, वेगळी असते, मधे छोटा शाफ्ट. म्हणून दादानं भंगारातनं दुसरी एक आणली आणि एकामागं एक जोडल्या. आता गुणाकार सत्तरच्या पुढं. आयडलवर सेकंदाला दीड फूट. पोरगं रांगतं तसं.

[दृश्य: पाइपच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकताना हात.]

हे वेल्डर मामा. यांचं खरं काम शेड उभारायचं. दादानं मोबाइलवर अमेरिकेतल्या बग्गीचा फोटो दाखवला तेव्हा मामा म्हणाले, "ह्ये असलं तंगड्या फाकून उभं ऱ्हायलेलं काय हाय रं?" मग फोटो मोठा करून दोन मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, "कैची हाय की ही."

आणि खरंच की. शेडच्या पत्र्याखाली जी त्रिकोणांची कैची असते तेच. नुसती चौकट केली तर गाडी उलटल्यावर ती खिडकीसारखी तिरकी होऊन बसणार, आत डोकं आपलं आहे. तिरका पाइप टाकला, त्रिकोण झाला, की हलत नाही. दादानं जे आठ महिने नेटवर वाचून शिकलं होतं ते मामांना तीस वर्षांपासून माहिती होतं, फक्त ते त्याला पोटाचा धंदा म्हणत होते.

पाइप सीमलेस घेतला, पावणेदोन इंची, जाडी ३ मिलिमीटर. शिवणीचा स्वस्त पडतो पण वाकवताना शिवण कुठं येईल याचा नेम नाही. पहिली कमान बेंडरवर वाकवली तर बाकापाशी चपटी झाली, टूथपेस्टच्या ट्यूबसारखी. दीड हजाराचा पाइप गेला. मग मामांनी वाळू मागवली. तव्यावर भाजून अगदी कोरडी केली, कारण ओल राहिली आणि पाइप तापवायची वेळ आली तर वाफ होऊन खुंटी उडते, मग पाइपात भरली, वरनं हातोडीनं टक टक करत बसवली, पुन्हा भरली, दोन्ही तोंडाला खुंट्या. आता वाकवला तर गोलच राहिला. मामांनी बाकावरनं अंगठा फिरवला आणि काही न बोलता पुढचा पाइप घेतला. सीओटू वेल्डिंगनं आधी फक्त टाके, पूर्ण वेल्डिंग नाही. का, तर प्रत्येक गोष्ट निदान तीनदा कापावी लागणार हे सगळ्यांना माहिती होतं. (कापावी लागली. चारदा.)

सस्पेन्शनला पाट्यांच्या स्प्रिंग नाहीत. अ‍ॅक्सल (दोन चाकं जोडणारा आडवा धुरा) चार दांड्यांवर लोंबतो, वरच्या दोन आतल्या बाजूला तिरक्या म्हणजे अ‍ॅक्सल आडवा सरकत नाही, आणि टोकांना गोळ्याचे जॉइंट. एक चाक कमरेपर्यंत वर गेलं तरी बाकीची तीन जमिनीवर पाहिजेत. यात लय किचकट भूमिती आहे, ती मी सांगत बसत नाही, पुठ्ठे कापून कापून जमवलीय इतकंच.

स्टिअरिंग मात्र दाखवतोच. मोठे टायर दोन दगडांत अडकले की साधं स्टिअरिंग हातात मोडून येतं, म्हणून सगळं हायड्रॉलिक. अमेरिकेतनं किट मागवायचं तर किंमत ऐकून दादा गप्प झाला होता. ऑर्बिटल व्हॉल्व्ह (स्टिअरिंग फिरवलं की तेल डावीकडं-उजवीकडं सोडणारा) आम्हाला कुठं मिळाला? मागच्या गल्लीत, हार्वेस्टर दुरुस्त करतात त्यांच्याकडं. ऊसतोडणीच्या मशीनला तोच असतो.

आणि ब्रेक. डावा वेगळा, उजवा वेगळा. डिफरन्शियल दोन्हीकडं बटणावर लॉक होतं, लॉक असलं की दोन्ही चाकं सारखी फिरतात, चढायला उत्तम, पण गाडी वळत नाही. मग लॉक सोडायचं आणि आतल्या बाजूचा ब्रेक दाबायचा, गाडी जागच्या जागी फिरते. दादा हे मोठ्या कौतुकानं समजावत होता तर मामा म्हणाले, "ट्रॅक्टरला नसतोय व्हय? सरीच्या टोकाला कसा वळवतोस मग?"

[दृश्य: टेम्पोवर बांधलेली बग्गी, रंग न दिलेली.]

ही रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय की कंपनीनं केलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. हिच्यात मूळ असं काही उरलंच नाही. म्हणून टेम्पो. आम्ही चाललोय एका बंद पडलेल्या दगडखाणीत, मालकाला विचारून.

आपला काळा कातळ कोरडा असला तर टायर चिकटतो. सावलीतल्या बाजूला शेवाळ असलं की साबण. टायरात हवा फक्त ७ पीएसआय, म्हणून टायर दगडाला पोळीसारखा लपेटतो, आणि तो रिमवरनं निघू नये म्हणून बाहेरनं कडं, एका चाकाला २४ बोल्ट. आवळायला पाऊण तास जातो, मी आवळलेत, मला विचारा.

पहिला चढ. दादा आत, मी बाहेर स्पॉटर, म्हणजे हातानं खुणा करणारा. पुढची चाकं वर गेली, छान गेली, आणि मग जातच राहिली. पुढचा भाग सावकाश, एकदम सावकाश आभाळाकडं, आणि गाडी पाठीवर. कैची टिकली. दादाला काही झालं नाही, पट्टा होता. पेट्रोल टाकी आम्ही मागं आणि उंच बसवली होती, जागा होती म्हणून. चूक सगळी आमचीच.

तीन आठवडे. टाकी सीटच्या मागं खाली, सीट चार इंच खाली, बॅटरी पुढं. पुढं एक छोटी विंच, दोरी पुढच्या अ‍ॅक्सलला, चढावर आवळली की गाडीचं तोंड खाली दाबून धरते. आणि पुढच्या दोन टायरात पाणी, प्रत्येकी पन्नास लिटर. मला आधी चेष्टाच वाटली. पण वजन पाहिजे ते जमिनीलगत, आणि चाकापेक्षा खाली दुसरं आहे काय?

[दृश्य: तोच चढ. इंजिनचा आवाज आयडलवर.]

आज मामा पण आलेत, डबा घेऊन. मी खुणा करतोय. थोडं डावं. थांब. आता. पुढचं उजवं चाक हवेत नुसतं फिरतंय, दादानं लॉक टाकलं, डावं चाक दगडात रुतलं आणि गाडीनं अंग वर ओढलं. खाली पोटाचा पाइप कातळावर खरवडतोय, तो आवाज दातात येतो. मामा मागनं ओरडले, "डावा दाब, डावा!" ब्रेक म्हणायचं होतं त्यांना. दादानं दाबला, गाडी फिरली, मागची चाकं वर आली. चार मिनिटं वीस सेकंद. एकदा रिव्हर्स, म्हणजे एक पॉइंट.

दादा उतरून हात वर करून काहीतरी ओरडतोय, वाऱ्यामुळं ऐकू आलं नाही. मामा तोवर गाडीखाली गेलेत, आडवे. जोडावरनं बोट फिरवत चाललेत, एक, दुसरा, तिसऱ्यावर थांबले. केसाएवढी चीर. खिशातनं खडू काढला आणि गोल केला.

"सोमवारी आण," म्हणाले. "मंगळवारी ट्रॉली हाय माझी."