बांधाच्या पलीकडचा सडा

कशेळीचा सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं सपाट पठार, तालुका राजापूर. जमिनीवरून पाहिलं तर पायाखाली कातळात कोरलेल्या नुसत्या रेघा. ड्रोन वर चढतो, तसा त्या रेघांचा हत्ती होतो. सुमारे १८ मीटर लांब! आणि त्याच्या पोटात पाहा, पाण्यातल्या आणि जमिनीवरच्या प्राण्यांच्या सत्तरहून अधिक आकृत्या.

२०२२ साली कोकणातली नऊ कातळशिल्प-स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळी त्यांतलीच. रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षीचा हत्तीही त्यांतलाच. तिथे गावाने पुढाकार घेतला, भोवती बांध घातला. बांधाने हत्ती राखला जाईल. पण ज्यांनी तो कोरला, ती माणसं या बांधाएवढ्या जागेत राहत नव्हती. राखायचा आहे तो अख्खा सडा, आणि त्यासाठी संशोधनही आखूनच व्हायला हवं.

पहिलं काम नकाशाचं. पावसाळ्यात सड्यावर गवत माजतं, रेघांत माती भरते. म्हणून मोजणी गवत वाळल्यावर. खराट्याने हळू झाडायचं, मापं घ्यायची, वरून फोटो. चित्राइतकंच लक्ष पाणवठ्याकडे, दगडी हत्यारांच्या तुकड्यांकडे. रिकामा कातळसुद्धा नोंदवायचा. ती नोंद नसेल, तर नकाशावरची कोरी जागा खरंच रिकामी आहे की तिथे कुणी गेलंच नाही, हे उद्या कसं कळणार?

मग वय. कोरलेल्या रेघेत कोळसा नाही, हाड नाही, त्यामुळे काळ थेट ठरवता येत नाही. म्हणून खणायचं ते चित्राला हात न लावता, आसपास जिथे माती साचून राहिली आहे तिथे, नाहीतर गुहेत. सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत दगडी हत्यारं मिळाली आहेत.

आणि सुरुवात? सर्वांत देखण्या चित्रापासून नव्हे. जिथे चिरेखाण, म्हणजे जांभा दगड काढायची खाण, जवळ सरकली आहे, रस्त्याची आखणी झाली आहे, कलमांच्या खड्ड्यांसाठी सुरुंग लागणार आहेत, त्या सड्यापासून.

धोका किती जवळ असतो, ते त्याच नऊ स्थळांतल्या बारसूत दिसलं: तिथे २०२३ साली तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या माती परीक्षणावरून आंदोलन पेटलं.

सड्यांची पुष्कळशी जमीन खासगी आहे. जमीनमालकाला सोबत घेऊनच हा नकाशा करावा लागेल, आणि त्याची पहिली प्रत ग्रामपंचायतीत हवी, पुढच्या खाणीचा अर्ज येण्याआधी.