तक्त्यात नसलेलं नुकसान

(दृश्य: जिल्हाधिकारी कार्यालयाचा व्हरांडा. बाकावर बसलेली माणसं, मांडीवर कागदांच्या पिशव्या.)

एफआयआरची प्रत, जातीचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स. अट्रॉसिटीचा, म्हणजे दलित-आदिवासींवरच्या अत्याचाराचा, गुन्हा नोंदला गेला, की एवढ्या कागदांवर अर्थसहाय्याचं प्रकरण सुरू होतं. ही रक्कम आरोपीच्या खिशातून जात नाही, ती सरकार देतं. संरक्षण देणं सरकारचं काम होतं, ते झालं नाही, म्हणून. तरी गावात "पैशासाठी केस टाकली" हे वाक्य ऐकावं लागतंच.

किती पैसे? अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९चा, त्याचे नियम १९९५चे. १४ एप्रिल २०१६ रोजी सुधारित नियम आले. त्यांच्या जोडपत्रात ४७ प्रकारच्या अत्याचारांचा तक्ता आहे, रक्कम ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत.

(दृश्य: तक्त्याचं पान, त्यावरून सरकणारं बोट.)

चारचौघांत जातीवरून अपमान: १ लाख. मात्र एकरकमी नाही. एफआयआरनंतर २५ टक्के, दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर ५० टक्के आणि उरलेले २५ टक्के आरोपी दोषी ठरला तरच.

सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार: बंद केलेल्या सेवा पूर्ववत करायच्या, शिवाय १ लाख. पण ते लाखभर रुपये दोषारोपपत्रानंतर. तपासाला ६० दिवसांची मुदत आहे. बहिष्कारात किराणा, दळण, मजुरी पहिल्याच दिवशी बंद होते. तक्ता करणाऱ्यांना हे सुचलं नसेल, असं मानणं जड जातं.

खून झाला असेल तर सव्वाआठ लाख. निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्रानंतर. त्याखेरीज वारसांना दरमहा ५ हजार रुपये पेन्शन आणि महागाई भत्ता, मुलांचं पदवीपर्यंतचं शिक्षण, आणि तीन महिन्यांसाठी भांडी, तांदूळ, गहू, डाळी. नियमात भांड्यांचा उल्लेख आहे. घरादाराची राखरांगोळी कशी होते, हे लिहिणाऱ्याला माहीत होतं.

मग नागपूरचं एक प्रकरण आलं.

(दृश्य: नागपूर. टेबलावर सर्वेक्षणाच्या छापील अर्जांचे गठ्ठे.)

२०१८ सालची गोष्ट. भाड्याच्या घरात राहणारं एक दलित संशोधक दाम्पत्य. दोघं बाहेरगावी असताना घरमालकाच्या मुलानं घरात शिरून सामान हलवलं, अशी त्यांची तक्रार. त्या सामानात लॅपटॉप होते, आणि नागपुरातल्या तरुणांमध्ये फिरून भरून घेतलेले सर्वेक्षणाचे अर्ज. लॅपटॉप पुन्हा विकत घेता येतो. अर्ज कुठून आणायचे? तीच मुलं, तेच प्रश्न, त्या वेळची उत्तरं पुन्हा गोळा होत नाहीत.

दोघांनी याच कायद्याखाली भरपाई मागितली. सरकारची भूमिका अशी, की हाताला लागेल अशा मालमत्तेचंच नुकसान मोजता येतं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं नोव्हेंबर २०२३मध्ये ते मानलं नाही. मालमत्ता म्हणजे फक्त घर, शेत, भांडीकुंडी नव्हे. संशोधनाची माहिती हीसुद्धा बौद्धिक संपदा आहे, तिचं मूल्य ठरू शकतं आणि तिची भरपाईही मिळाली पाहिजे. मूल्य जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवावं, असा आदेश झाला.

पिढ्यान् पिढ्या ज्यांना अक्षराजवळ फिरकू दिलं नाही, त्यांच्या घरातली अक्षरं नष्ट होणं हेही नुकसान आहे, हे न्यायालयाकडून वदवून घ्यावं लागलं. सरकार एवढ्यावर थांबलं नाही. महाराष्ट्र शासन या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०२५मध्ये तिथंही ते हरलं.

(दृश्य: पुन्हा तो तक्ता.)

त्यानंतर आकडा काढणं उरलं. ४७ ओळींत त्यासाठी तयार रक्कम नाही. एका अर्जामागे किती तास, किती प्रवास, त्यातून होऊ घातलेल्या लेखनाची किंमत किती, हा हिशेब अधिकाऱ्यांना आधी कधी करावा लागला नव्हता.