पटरी कंपनीची, पैसा चेअरमनचा

टेबलावर हा जो नकाशा पसरलाय ना, तो रेल्वे कंपन्यांच्या एका बोर्डगेमचा आहे, अमेरिकेच्या पूर्व भागाचा, न्यूयॉर्क, बोस्टन, बाल्टिमोर वगैरे, आणि त्याच्याभोवती बसलेले सगळे भुसावळ-जळगावचे. कोणाच्या घरात आजोबांपासून रेल्वेची नोकरी, कोणाची दालमिल, एक जण रावेरकडून केळीच्या गाड्या भरतो. सकाळी बसलेत, उठतील तेव्हा अंधार पडलेला असेल, मधे भरीत-पुरी येईल तेवढीच काय ती सुट्टी. आणि फासा म्हणाल तर एकही नाही. पत्ते पिसणं नाही, नशीब नाही, जे काय होतं ते समोरच्या माणसामुळे होतं, म्हणून तर भांडणं होतात.

खेळाचं नाव १८३०. फ्रान्सिस ट्रेशॅम नावाच्या इंग्रज माणसाने १९७४ मध्ये १८२९ नावाचा पहिला खेळ काढला, मग १९८६ मध्ये अमेरिकेतल्या अॅव्हलॉन हिलने त्याचाच १८३० छापला आणि तिथून या प्रकाराला पोरंबाळं होत गेली, आज अशा खेळांची भलीमोठी यादी आहे, नावं सगळी अठराशे अमुकतमुक, म्हणून सगळ्यांना मिळून एटीन-एक्सएक्स म्हणतात. ट्रेशॅम २०१९ मध्ये गेले.

नवीन माणूस बसला की पहिल्या तासात हमखास एकच गोष्ट करतो, एक कंपनी पकडतो आणि तिच्यावर प्रेम करायला लागतो. पटरी मस्त टाकतो, स्टेशनं जोडतो, तिजोरीत पैसे साठवतो. आणि शेवटी हिशोब होतो तेव्हा कळतं की कंपनीच्या तिजोरीतला एक रुपया, म्हणजे डॉलर, त्याच्या खात्यात धरत नाहीत. मोजायचं ते दोनच, तुमच्या हातातली रोकड आणि तुमच्याकडच्या शेअर्सचा भाव. बस. कंपनी तुमची नाहीच आहे, तुम्ही फक्त आज तिच्या खुर्चीवर बसलाय.

आता हे चालतं कसं ते बघा. कंपनीचे शेअर दहा-दहा टक्क्यांचे, फक्त चेअरमनचा कागद वीस टक्क्यांचा. तो जो घेतो तो सुरुवातीचा भाव ठरवतो, ६७ पासून १०० पर्यंत. साठ टक्के विकले गेले की कंपनी उभी राहते आणि तिला दहाही शेअर्सचे पैसे एकदम मिळतात. मग शेअरची फेरी संपते, कंपन्यांची फेरी येते, षटकोनी टाइल टाकायच्या, आधी पिवळ्या, पुढे त्यावरच हिरव्या, मग तपकिरी, आणि गाडी चालवून कमाई मोजायची. त्या कमाईचं काय करायचं हे एकटा चेअरमन ठरवतो. डिव्हिडंड वाटला की भावाच्या तक्त्यावर भाव उजवीकडे सरकतो म्हणजे वाढतो, पैसे कंपनीत ठेवले की डावीकडे, म्हणजे पडतो. आणि कोणी शेअर विकला की भाव एकेक घर खाली. दुसऱ्याच्या कंपनीचे तीन शेअर घ्यायचे आणि त्याने भाव वर नेला की धडाधड विकून त्याचं तोंड बघत बसायचं, हे इथे गुन्हा नाही, हीच तर चाल आहे.

पण खरी आग लावतात त्या गाड्या. सगळ्यात छोटी गाडी दोन गावं मोजते, किंमत ८०. मग तीनवाली १८०, चारवाली ३००, पाचवाली ४५०, सहावाली ६३०, आणि शेवटी डिझेल, ११००. पहिली चारवाली कोणी घेतली की त्याच क्षणी टेबलावरच्या सगळ्या दोनवाल्या भंगारात. सहावाली आली की तीनवाल्या गेल्या. डिझेल आलं की चारवाल्या. काल घेतलेली गाडी आज कचरा, आणि नियम असा की रूट असेल तर कंपनीकडे गाडी पाहिजेच. तिजोरी रिकामी असेल तर चेअरमनने स्वतःच्या खिशातून भरायचं, नाही पुरलं तर शेअर विकून भरायचं, तेही नाही पुरलं तर दिवाळं, आणि दिवाळं निघालं की खेळ तिथेच खतम.

मग डोकं असलेला माणूस काय करतो? खेळात छोट्या खाजगी कंपन्याही असतात, त्यातली एखादी ७० ला घेतलेली असते, ती स्वतःच चेअरमन असलेल्या मोठ्या कंपनीला १४० ला विकतो, दुप्पटपर्यंत चालतं. कंपनीचा पैसा आला खिशात. डिव्हिडंड सगळा वाटून टाकतो, तिजोरीत ठणठणाट. गाडी भंगारात जायच्या बरोबर आधी, शेअरच्या फेरीत, आपले शेअर विकतो. आणि टेबलावर ज्याच्याकडे वीस टक्के पडून आहेत त्याच्या हातात चेअरमनचा कागद ठेवतो. रस काढला, चिपाड दिलं. आणि वर विचारायचं, "आते काय करशी भो?" मला विचाराल तर या एका डावासाठी सहा तास बसायला मी तयार आहे. दालमिलवाल्या भाऊला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं, रेल्वेवाल्यांना जड गेलं, त्यांना वाटत होतं गाडी वेळेवर धावली की झालं.

आता म्हणाल याचा खानदेशाशी काय संबंध. अहो, आपल्याकडची पटरी तरी कोणी टाकली? १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, लंडनमधल्या शेअरहोल्डरांची कंपनी. १८४९ च्या करारात तिला भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती, नफा झाला नाही तरी. तूट कोण भरणार, तर इथलं सरकार, म्हणजे इथला शेतकरी. असली हमी ट्रेशॅमच्या खेळात दिली असती तर कोणी खेळलंच नसतं, कारण चेअरमनला घामच फुटला नसता. १८६० च्या दशकात ही लाईन भुसावळवरून पुढे गेली, आणि नेमकं तेव्हाच अमेरिकेत यादवी युद्ध. तिकडचा कापूस बंद, इंग्लंडच्या गिरण्यांना खानदेश-वऱ्हाडचा कापूस हवा, मुंबईत पैशाचा पूर आणि शेअरचं वेड असं की बॅकबेच्या भरावाच्या कंपनीचे कागद लोक झुंबड करून घेत होते. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, त्याच वर्षी मुंबईचा शेअरबाजारही. १८३० या खेळात जे बोर्डावर घडतं ते आपल्या आजोबांच्या आजोबांच्या कपाशीने खरंखुरं बघितलंय.

आणि सगळंच लंडनचं होतं असंही नाही. सुरत ते जळगाव, म्हणजे नंदुरबार, अमळनेर, धरणगाववरून येणारी ताप्ती व्हॅली लाईन ही १९०० च्या सुमाराची, आणि तिच्यामागे मुंबईची किलिक निक्सन कंपनी. पाचोरा-जामनेर नॅरोगेज, आपली पीजे, ५६ किलोमीटरची, तीही त्याच घराण्यातली. पीजेने बसून जामनेरला गेलेली माणसं अजून भरपूर आहेत, कोविडपर्यंत ती चालत होती.

ट्रेशॅमने भारतावरही एक खेळ केलाय बरं का, १८५३ नावाचा, १९८९ चा. त्यात शेअरच्या खोड्यांपेक्षा पटरी टाकण्यावर भर जास्त, ब्रॉडगेजसोबत छोटं गेजही आहे. आपल्या ग्रुपमधल्या रेल्वेवाल्यांना तोच आवडतो. मला थोडा गोड वाटतो, कोणी कोणाला बुडवत नाही तर मजा काय.

शिकायचं असेल तर एकदम १८३० ला हात घालू नका. १८८९ घ्या, जपानच्या शिकोकू बेटाचा, नकाशा लहान, नियम जवळपास तेच, तीन-चार तासात उरकतो. वेबसाइटवर फुकटही खेळता येतो, हिशोब कॉम्प्युटर करतो, पेटी बाहेरून मागवायची म्हटली तर किंमत ऐकूनच भूक मरते. कागदी नोटा वापरू नका, पोकर चिप्स घ्या, नोटा मोजण्यात अर्धा दिवस जातो.

इकडे या मंडळींनी आता स्वतःचाच खानदेशचा नकाशा काढायला घेतलाय. भुसावळ मधोमध, तिथून नागपूर आणि खंडवा दोन बाजू, चाळीसगावहून धुळ्याची फांदी, वर तापी, तिच्या पलीकडे सातपुडा. तापीवर पूल टाकायला १२० घ्यायचे का ८० यावर दोन रविवार गेले. केळीवाला म्हणतो रावेर-सावदा मोठं स्टेशन धरा, माल तिथून जातो. धुळेवाला म्हणतो धुळ्याला दुसरी लाईन दिल्याशिवाय मी खेळणारच नाही. आणि जामनेरचा पोरगा पीजेला छोटी खाजगी कंपनी करून तिची किंमत चाळीस लावा म्हणतोय, कारण त्याला ती पहिल्याच फेरीत घेऊन भुसावळवाल्या कंपनीला ऐंशीला विकायचीय, आणि हे त्याने सगळ्यांसमोर सांगितल्यामुळे आता किंमत वीस झालीय.